नाशिकची हवा आणि वरून बघणारं सॅटेलाईट: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी वातावरणातल्या एरोसॉलवर काम करतो, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, आणि ते मोजायला मुख्यतः सॅटेलाईट डेटा वापरतो. नोकरी पुण्यात, घर नाशिकला. सुट्टीत आलो की सोसायटीतले काका, निफाडचे मामा, कॉलेजातली पोरं सगळे तेच तेच विचारतात आणि व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला वेगळं टाईप करून बोटं दुखतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. पुढच्या वेळी हेच पाठवीन, राग मानू नका.

तू हवामान खात्यात ना रे? यंदा पाऊस कसाय?

नाही हो काका. पावसाचं मला विचारू नका, मी पण तुमच्यासारखा बातम्याच बघतो.

मग दिवसभर करतोस काय नक्की?

उजेड मोजतो. सूर्याचा प्रकाश वातावरणातून खाली येताना कणांवर आपटून इकडेतिकडे फेकला जातो, थोडा शोषला जातो, आणि कोणत्या रंगाचा किती प्रकाश हरवला ते नीट मोजलं की कण किती आहेत, साधारण केवढे आहेत, काळी काजळी आहे की माती, याचा उलटा हिशेब लावता येतो. जमिनीवरून मोजायचं तर सन फोटोमीटर असतो, तो सूर्याकडे रोखून ठेवायचा. अशा यंत्रांचं जगभर पसरलेलं एक जाळं आहे, एरोनेट, नासाच्या ब्रेंट होल्बेन यांनी १९९० च्या दशकात उभं केलेलं, त्यातली यंत्रं आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत आणि पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आहेत. वरून मोजायचं तर सॅटेलाईट. आणि खरं सांगायचं तर माझा निम्मा दिवस हा पिक्सेल ढग आहे की धूळ, हे कॉम्प्युटरला समजावण्यात जातो.

एरोसॉल म्हणजे धूळच ना शेवटी?

धूळ त्यातला एक प्रकार. शिवाय गाड्यांची काजळी, पाचट जाळल्याचा धूर, वीटभट्ट्या, परागकण, पश्चिमेचा वारा असला की अरबी समुद्रातलं मीठसुद्धा घाट चढून येतं. आकार काही नॅनोमीटरपासून काही दहा मायक्रोमीटरपर्यंत. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक, पीएम १० म्हणजे दहापेक्षा बारीक, आणि दहामध्ये अडीचवाले पण धरलेले असतात हे बरेच जण विसरतात.

पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते वेगळंच. बारीक कणांपैकी बरेचसे कुठल्या चिमणीतून कण म्हणून बाहेर पडलेलेच नसतात. कोळसा जाळला की सल्फर डायऑक्साईड वायू निघतो, गाड्यांमधून नायट्रोजनचे ऑक्साईड, युरिया आणि शेणखतातून अमोनिया, आणि हे वायू हवेतच एकमेकांशी भिडून सल्फेट आणि नायट्रेटचे कण बनवतात. त्याला काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागतो, तोवर वारा त्यांना लांब घेऊन गेलेला असतो. म्हणून "एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीखाली किती" हा प्रश्न अर्धाच आहे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला कुठलं गाव येतं ते पण विचारायला पाहिजे.

सातशे किलोमीटरवरून एवढे बारीक कण दिसतात तरी कसे?

दिसत नाहीत. सुटा कण कुणालाच दिसत नाही तिथून. टेरा (१९९९ मध्ये सोडलेला) आणि ॲक्वा (२००२) हे दोन नासाचे सॅटेलाईट सुमारे ७०० किलोमीटरवरून फिरतात, दोघांवर मॉडिस नावाचा एकसारखा सेन्सर आहे, तो तरंगलांबीच्या ३६ वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये खालून परत येणारा प्रकाश मोजतो. आता या परत आलेल्या प्रकाशात तीन गोष्टींची भेसळ असते: जमिनीवरून आलेला, हवेच्या रेणूंनी विखुरलेला, आणि एरोसॉलनी विखुरलेला. रेणूंचा हिशेब पक्का माहीत असतो, तो वजा होतो. भांडण आहे ते जमिनीशी.

घनदाट हिरवळ असेल तर सोपं, कारण झाडं निळ्या आणि लाल प्रकाशात काळपट दिसतात, त्यावर धुराचा पातळ थर आला तरी उजळपणा वाढलेला लगेच कळतो. पण ती हिरवळ नेमकी किती काळपट आहे हे कसं ठरवायचं? तर २.१ मायक्रोमीटरच्या इन्फ्रारेडमध्ये बारीक धूर जवळजवळ पारदर्शक असतो, त्यातून जमीन बघायची आणि त्यावरून निळ्या-लाल रंगात ती कशी दिसली असती याचा अंदाज बांधायचा. ही युक्ती योराम कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, डार्क टार्गेट म्हणतात तिला. कॉफमन २००६ मध्ये सायकल अपघातात गेले, पण आजही या क्षेत्रात कुणीही पेपर लिहायला बसलं की त्यांचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

नाशिकची गंमत अशी की ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार असतं तेव्हा वर ढग, आणि एप्रिलमध्ये आकाश मोकळं तर खाली अंजनेरी-ब्रह्मगिरीचं वाळलेलं पिवळं गवत, नांगरलेली शेतं आणि सिडकोतलं काँक्रीट. उजळ जमिनीवर डार्क टार्गेट अडखळतं. तिथे डीप ब्लू नावाची पद्धत कामाला येते, ती ४१२ नॅनोमीटरच्या गडद निळ्यात बघते कारण त्या रंगात वाळवंटसुद्धा बऱ्यापैकी काळं दिसतं. तिसरी पद्धत मायॅक, ती एकच जागा बरेच दिवस बघत राहते, जमीन हळू बदलते आणि हवा भराभर बदलते एवढ्यावरून दोघींना वेगळं करते आणि एक किलोमीटर इतकं बारीक उत्तर देते. मला स्वतःला आपल्या भागासाठी हीच आवडते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, द्राक्षबागा हिरव्या आणि आकाश स्वच्छ, तो आमचा सीझन.

नकाशावर ०.४, ०.७ असे आकडे असतात, ते कशाचे?

एओडी, म्हणजे एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ. त्याला एकक नाही. डोक्यावरच्या सूर्याचा थेट प्रकाश एरोसॉलमुळे किती कमी होतो ते सांगतो. ०.१ म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ, सुमारे नव्वद टक्के प्रकाश सरळ खाली पोचतो. १ असेल तर फक्त ३७ टक्के सरळ पोचतो, बाकीचा विखुरलेला किंवा शोषलेला. हा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, नाही. परत एकदा, हा एक्यूआय नाही.

मग फोनवरचा एक्यूआय आणि तुमचा सॅटेलाईटचा नकाशा जुळत का नाहीत? कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. सगळ्या प्रश्नांत हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांब लिहितो.

सॅटेलाईट जमिनीपासून वातावरणाच्या टोकापर्यंतचा अख्खा खांब एकत्र मोजतो. आपलं नाक त्या खांबातला सगळ्यात खालचा दीड मीटर घेतं. दहा मजली बिल्डिंगचं एकूण लाईटबिल कळलं म्हणून तळमजल्यावरच्या काकूंचं बिल कळत नाही, तसंच. काकूंकडे एसी आहे की नाही, वरचे मजले रिकामे आहेत का, हे माहीत पाहिजे.

आता नाशिकचा डिसेंबर घ्या. रात्री आकाश मोकळं, जमीन भराभर थंड होते, जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वर तुलनेने उबदार हवा, याला इन्व्हर्जन म्हणतात. थंड हवा जड, ती वर जायचं नाव घेत नाही, त्यामुळे द्वारका सर्कलच्या ट्रकांचा धूर, शेकोट्या, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचं जे काही असेल ते सगळं शे-दोनशे मीटरच्या थरात कोंडतं. सकाळी सहा-सातला पीएम २.५ चढलेलं असतं. पण खांब म्हणून बघाल तर वरचे सगळे मजले रिकामे, त्यामुळे एओडी तसा मध्यमच येतो. वर आणखी टेरा वर्षानुवर्षं साडेदहाच्या सुमारास यायचा, हल्ली कक्षा सरकल्यामुळे थोडा आधी येतो, आणि तोवर ऊन लागून तो थर सुटायला लागलेला असतो. म्हणजे जेव्हा सगळ्यात वाईट तेव्हा सॅटेलाईट तिथे नसतोच.

मे महिन्यात उलट. दुपारी जमीन तापते, हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, त्यात पश्चिमेकडून उडून आलेली धूळ. एओडी बघाल तर डिसेंबरपेक्षा जास्त, आणि खाली श्वासातलं पीएम २.५ मात्र कमी, कारण तोच माल मोठ्या उंचीत पसरलाय. त्यात बाष्पाची भानगड वेगळीच, सल्फेटसारखे कण दमट हवेत पाणी पिऊन फुगतात, फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, एओडी वाढतो आणि कोरडं वजन आहे तेवढंच राहतं.

म्हणून एओडीवरून पीएम २.५ काढायचं असेल तर थराची उंची, दमटपणा, कणांचा प्रकार आणि जमिनीवरचे खरे मॉनिटर सगळं एकत्र घ्यावं लागतं. माझ्या कामाचा मोठा भाग हाच आहे. नुसता लाल-पिवळा नकाशा दाखवून कुणी "बघा नाशिकची हवा" म्हणालं की मी आधी महिना विचारतो.

आणि हो, दोन ॲप एकमेकांशी जुळत नाहीत ते वेगळ्या कारणाने. भारताचा एक्यूआय आणि अमेरिकेचा एक्यूआय यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. पीएम २.५ जर ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असेल तर आपल्या मोजणीत १०० येतो आणि अमेरिकन मोजणीत दीडशेच्या वर. हवा तीच. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या समीर ॲपवर भारताचा असतो, परदेशी ॲपवर बहुतेक अमेरिकेचा.

(निफाडचे मामा) थंडीत बागेत शेकोट्या करून धूर करतो आम्ही, तुझं सायन्स काय म्हणतं त्यावर?

मामा, शेकोटीने थोडा फायदा होतो पण धुराने नाही, हे मी तुम्हाला तीन हिवाळे सांगतोय. पारा चार-पाच अंशांवर आला की जमीन जी उष्णता आकाशाकडे सोडते ती साधारण दहा मायक्रोमीटरच्या आसपासच्या इन्फ्रारेडमध्ये असते. धुराचे कण त्याहून कितीतरी बारीक, अर्ध्या मायक्रोमीटरच्या आतबाहेर, ते त्या लांब लहरींना अडवूच शकत नाहीत, ती उष्णता धुरातून सरळ निघून जाते. सूर्याच्या उजेडाला मात्र हेच कण व्यवस्थित अडवतात. म्हणजे रात्री धुराने ऊब राहत नाही आणि सकाळी ऊन यायची वेळ झाली की तोच धूर बाग गरम व्हायला उशीर लावतो.

जे काम करतं ते आगीची उष्णता आणि तिच्यामुळे होणारी हवेची घुसळण, कारण इन्व्हर्जनमध्ये वरची हवा उबदार असते ती खाली ओढली जाते. त्यामुळे ओला पालापाचोळा टाकून धूर काढण्यापेक्षा कोरड्या लाकडाच्या छोट्या छोट्या बऱ्याच शेकोट्या बऱ्या. आणि तुम्ही पहाटे विहिरीचं पाणी सोडता ते तर उत्तमच, ते पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि ओली जमीन उष्णता जास्त धरते. छाटणीच्या काड्या पेटवण्याऐवजी कुट्टी करून बागेतच टाका हे तुम्हाला कृषी विभागवाले पण सांगतातच, मी परत सांगत नाही.

सकाळी गंगापूर रोडला दिसतं ते धुकं की प्रदूषण?

बऱ्याचदा दोन्ही. धुक्याच्या प्रत्येक थेंबाला जमायला एक कण लागतोच. हवामानशास्त्रात एक किलोमीटरच्या आत दिसणं बंद झालं तर धुकं म्हणतात. नदीकडेला, सोमेश्वरच्या बाजूला पांढरं आणि ओलसर दिसलं आणि ऊन आल्यावर तासाभरात गेलं तर मुख्यतः पाणी. दहा-अकरा वाजून गेले तरी लांबवर करडा-तपकिरी पट्टा राहिला तर तो कोरडा माल आहे.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका घरच्या छोट्या लेझर सेन्सरचे स्क्रीनशॉट टाकतात, डिसेंबरच्या पहाटे तीनशे-चारशे. ते सेन्सर वाईट नाहीत पण दमट हवेत फुगलेले कण आणि धुक्याचे थेंब त्यांना कोरड्या कणांसारखेच दिसतात म्हणून आकडा फुगतो. सरकारी मॉनिटरमध्ये हवा आधी गरम करून कोरडी करतात. तुमचा सेन्सर सकाळपेक्षा दुपारी किती, यंदा गेल्या वर्षीपेक्षा किती, अशा तुलनेला वापरा, आकड्यावरून भांडू नका.

जानेवारी २०२२ मध्ये सगळं पांढुरकं झालं होतं, गाड्यांवर धूळ बसली होती, ते काय होतं?

पाकिस्तानातून, सिंध-कराचीकडून उठलेली धूळ. गुजरातवरून ती मुंबई आणि उत्तर महाराष्ट्रापर्यंत आली. जानेवारीत असं आपल्याकडे क्वचितच होतं म्हणून लोक घाबरले. धूळ आणि धूर वेगळे ओळखायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, वेगवेगळ्या रंगांत एओडी किती बदलतो. धुराचे बारीक कण निळा प्रकाश लालपेक्षा खूप जास्त अडवतात, धुळीचे जाड कण सगळे रंग जवळपास सारखेच अडवतात, म्हणून धूळ असली की आकाश निळं न राहता पांढुरकं दिसतं. या फरकाला अँगस्ट्रॉम एक्स्पोनंट म्हणतात, धुळीत तो शून्याच्या जवळ येतो, धुरात दीडच्या आसपास किंवा वर.

दुसरा मार्ग लेझरचा. कॅलिप्सो नावाचा सॅटेलाईट २००६ पासून २०२३ पर्यंत वरून हिरव्या आणि इन्फ्रारेड लेझरचे झोत सोडायचा आणि परत आलेला प्रकाश बघायचा. धुळीचे कण ओबडधोबड असल्यामुळे प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरींची कंप पावण्याची ठरलेली दिशा, बिघडवतात, गोल थेंब बिघडवत नाहीत. आणि झोत परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची पण कळायची, म्हणजे वर म्हटलं तो मजल्यांचा प्रश्नच त्याने सोडवला होता, फक्त त्याची पट्टी फार अरुंद, नाशिकच्या अगदी वरून जाईल तो दिवस क्वचित. तो बंद झाला तेव्हा आमच्या ऑफिसात खरंच लोक हळहळले.

आपल्या इस्रोचं काही नाही का यात?

आहे की. इनसॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये गेलेला ३डीएस. हे ३६,००० किलोमीटरवर एका जागी थांबून भारताकडे बघतात, त्यामुळे दिवसातून एकदा-दोनदा न बघता सारखे सारखे बघता येतं, धूळ गुजरातवरून कशी सरकतेय ते दिसतं. बारकावा कमी पडतो, एवढ्या लांबून तो पडणारच. शिवाय इस्रोचं जमिनीवरच्या एरोसॉल केंद्रांचं जाळं आहे, त्याची सूत्रं तिरुअनंतपुरमच्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीतून हलतात.

प्रदूषणामुळे येवला-सिन्नरचा पाऊस पळाला असं म्हणतात, खरं का?

येवला-सिन्नर कोरडं आहे ते सह्याद्रीमुळे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि ढग घाट उतरले की रिकामे होतात, हे गाड्या यायच्या आधीपासून असंच आहे. कणांचा ढगांवर परिणाम होतो हे मात्र नक्की. कण जास्त झाले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, एकमेकांवर आदळून मोठे व्हायला वेळ लागतो, उथळ ढग न बरसता जाऊ शकतो. उंच ढगात मात्र तेच पाणी आणखी वर जाऊन गोठतं आणि जोरात पडू पण शकतं. आयआयटीएमच्या कायपिक्स प्रकल्पात २००९ पासून विमानातून ढगांत शिरून हेच मोजलं, सोलापूरला पर्जन्यछायेत त्यांनी ढगांच्या बीजारोपणाचे प्रयोग पण केले. एका तालुक्याचा पाऊस धुराने किती कमी झाला असा आकडा कुणी छातीठोक दिला तर तो मोजला कसा एवढं विचारा.

एरोसॉलमुळे पृथ्वी थंड होते असं वाचलं, मग बरंच आहे की!

१९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला, सल्फरचे कण वरच्या थरात गेले आणि पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश उतरलं, हे खरंय. पण खालच्या हवेतले कण आठवड्याभरात धुऊन जातात आणि कार्बन डायऑक्साईड शेकडो वर्षं राहतो, काजळी तर उलट तापवते, आणि हे कण थंडावा द्यायच्या आधी फुप्फुसात जातात. नाही, बरं नाही.

२०२७ च्या कुंभात किती प्रदूषण झालं ते सॅटेलाईटवरून कळेल का?

मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसाळ्यात. ढगाखालचं एरोसॉल या पद्धतीने दिसतच नाही. शिवाय तपोवन-रामकुंडाचा परिसर एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये जेमतेम एक-दोन ठिपके. त्यासाठी जमिनीवरचे मॉनिटरच पाहिजेत. त्याआधीच्या कोरड्या महिन्यांत रस्ते, पूल, खोदकाम चालतं त्याची धूळ पीएम १० मध्ये नीट सापडते, आणि केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिक आहेच, त्यामुळे ते आकडे बघायला मिळतात. मला विचाराल तर स्नानाच्या दिवसांपेक्षा आधीचा तो हिवाळा जास्त बघण्यासारखा आहे.

सकाळी फिरायला जाऊ की नको?

डॉक्टरला विचारा. हवेपुरतं सांगतो: डिसेंबर-जानेवारीत सहा-सातपेक्षा नऊनंतर किंवा दुपारी उशिरा बरं, पावसाळ्यात कधीही. भारताचं पीएम २.५ चं २४ तासांचं मानक ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५, तेव्हा ॲपवर "समाधानकारक" दिसलं म्हणजे हवा स्वच्छच आहे असं नसतं. दमा असेल तर एन-९५ नाकाला घट्ट बसवा, गळ्यात अडकवून उपयोग नाही.

दादा, मी बीएस्सी फिजिक्सला आहे, यात काही करायचं असेल तर सुरुवात कुठून?

पायथन शिक आणि प्रकाशाच्या विखुरण्याचा धडा परत वाच, परीक्षेपुरता नको. नासाच्या वर्ल्डव्ह्यूवर लॉगिन न करता रोजचे फोटो बघता येतात, डेटा उतरवायला अर्थडेटाचं फुकट अकाउंट काढ, इनसॅटचा डेटा इस्रोच्या मॉसडॅकवर रजिस्टर करून मिळतो. पहिला प्रोजेक्ट छोटा घे: पुण्याच्या एरोनेटचा एओडी आणि त्याच वेळचा मॉडिसचा एओडी, डिसेंबर वेगळा आणि मे वेगळा, आलेख काढ आणि कुठे फाटतंय ते बघ. वेळ जुळवताना युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साडेपाच तास मिळवायला विसरू नको. मॉडिसचं जमिनीवरचं डार्क टार्गेट घेतलंस तर क्वालिटी फ्लॅग ३ (सगळ्यात भरवशाचे) असलेलेच पिक्सेल ठेव, आणि एरोनेटचा लेव्हल २.० (तपासून पक्का केलेला डेटा) घे, लेव्हल १.० मध्ये ढग गाळलेले नसतात आणि मग तू मला रात्री अकराला मेसेज करशील की जुलैत एओडी एवढा कसा काय वाढला.